फलकावर काकांचं नाव कुठे लिहायचं?

पत्र :

ताई, मी 34 वर्षांची आहे. एका विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात कंत्राटी सहायक प्राध्यापक आहे. नेमणूक 11 महिन्यांची, यंदा चौथ्यांदा मिळालेली. विभागात कायम प्राध्यापक दोनच, बाकी आम्ही कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे. नॅकची, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, समिती येणार म्हणून विभागाचं माहितीपत्रक आणि दारातला फलक नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे 22 वर्षांपासून एक काका आहेत. कागदावर शिपाई, पण प्रकाशयोजनेचं प्रात्यक्षिक तेच घेतात, कारण तांत्रिक सहायकाचं पद कधी भरलंच गेलं नाही. मी त्यांचं नाव अध्यापकांच्या यादीत, 'प्रकाशयोजना' असं लिहून टाकलं होतं. विभागप्रमुख सरांनी ते खोडलं आणि 'शिक्षकेतर कर्मचारी : शिपाई' असं करायला लावलं. मी केलं. फलक लागला. दुसऱ्या दिवशी एका मुलाने सगळ्यांसमोर गमतीत म्हटलं, "काका, आता चहा तुम्हीच आणायचा, बोर्डावर लिहिलंय." तेव्हापासून काका सव्वासहा वाजले की किल्ल्या टेबलावर ठेवतात आणि निघतात. वार्षिक प्रयोग 3 आठवड्यांवर आलाय. सर म्हणतात, "रुसलेत, येतील." मी माफी मागू का? सरांशी भांडू का? माझी नेमणूक जूनमध्ये संपते.
– तालमीतली एक

उत्तर :

काका रुसलेले नाहीत, असं तुझं पत्र दोनदा वाचून माझं मत झालंय. रुसलेला माणूस कुणीतरी समजूत काढायला येईल म्हणून वाट बघतो. काका वेळेवर येतात, दिलेलं काम करतात, किल्ल्या जागेवर ठेवतात आणि घरी जातात. शिपायाच्या कर्तव्यसूचीत जेवढं आहे तेवढं ते चोख करतायत. 22 वर्षं संध्याकाळी ते जे थांबले, रात्री अकराला शेवटच्या पोराला हाकलून मेन स्विच पाडून गेले, त्यातलं काहीच कुठल्या आदेशात नव्हतं. ते त्यांनी आपणहून दिलं होतं. विभागाने फलकावर लिहून कळवलं की तुम्ही शिपाई आहात, आणि त्यांनी ते मान्य केलं. म्हणून 'येतील' या भरवशावर सरांनी बसू नये, आणि तूही बसू नकोस.

तू चहाचं वाक्य जाता जाता लिहिलंयस, पण मला वाटतं खरी जखम तिथे आहे. फलकावरचा शब्द काकांना नवा नव्हता. पगाराच्या पावतीवर तो 22 वर्षं त्यांनी वाचलाय. पण ज्या मुलांना त्यांनी दिवा कसा धरायचा ते शिकवलं, त्यांच्यापैकी एकाने तो शब्द त्यांच्या तोंडावर वापरला, हे नवीन होतं. आणि तिथे उभ्या असलेल्या माणसांत तूही होतीस का? तू लिहिलं नाहीस. 'सगळ्यांसमोर' असं लिहिलंस, म्हणून विचारते. असलीस तर त्या क्षणी तू गप्प राहिलीस, आणि माफी मागायची असेल तर फलकाआधी त्या गप्प राहण्याची माग.

आता सरांची बाजू, कारण ती समजल्याशिवाय त्यांच्याशी बोलून उपयोग नाही. नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालात पूर्णवेळ अध्यापकांची माहिती मंजूर पदांशी ताडून द्यावी लागते. तिथे वर्ग चारच्या कर्मचाऱ्याचं नाव अध्यापक म्हणून गेलं तर ती खोटी माहिती ठरते, आणि विभागाच्या माहितीवर सही विभागप्रमुखाची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत नाट्य विषयासाठी एक वेगळी वाट ठेवलेली आहे. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा न दिलेल्या पण नामवंत व्यावसायिक कलावंतालाही सहायक प्राध्यापक होता येतं. मात्र त्यालाही पदवी हवी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा तशाच मान्य संस्थेची प्रथम श्रेणीतली पदवी वा पदविका हवी, रंगमंचावरची 5 वर्षांची नावाजलेली कामगिरी पुराव्यासह हवी आणि विषय तर्काने समजावून सांगता यायला हवा. शेवटच्या अटीत काका उत्तम गुणांनी पास होतील, पण आधीच्या अटी त्यांना अडवतात. तेव्हा अध्यापकांच्या तक्त्यात त्यांचं नाव घालायचा तुझा पहिला प्रयत्न मनापासूनचा असला, तरी सरांनी तो खोडला यात त्यांची चूक नाही.

चूक पुढे झाली. माहितीपत्रक म्हणजे नॅकचा तक्ता नव्हे, आणि दारातला फलक तर नव्हेच. तिथे कुणाचं काम काय ते खरं खरं लिहायला कुठलाही नियम आड येत नाही. 'शिक्षकेतर' हा शब्दच मला फार खुपतो. माणूस काय आहे ते सांगायचं सोडून तो काय नाही तेवढंच हा शब्द सांगतो. लेखापालाच्या कार्यालयात तो खपून जातो, नाटकाच्या विभागात खपता कामा नये. आपल्याकडे नाटकाची जाहिरात उघडून बघ. लेखक-दिग्दर्शकाबरोबर नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, सूत्रधार यांची नावं असतात. राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजना, नेपथ्य आणि रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिकं असतात. हौशी नाट्यसंस्थेच्या घडीपत्रिकेतसुद्धा 'रंगमंच व्यवस्था' म्हणून चार पोरांची नावं येतात. ज्या रंगभूमीचं शिक्षण आपण देतो तिची रीत ही आहे, आणि विभागाच्या दारात मात्र आपण आस्थापना शाखेची रीत लावतो.

सरांना आणखी एक आठवण करून देता येईल, भांडणाच्या सुरात नको. नाटक शिकवणारं पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 साली सुरू झालं. 1996 ते 2009 ते नाटककार सतीश आळेकरांनी सांभाळलं. आळेकरांची पदवी जीवरसायनशास्त्राची, आणि केंद्रात येण्याआधी ते पुण्यातच बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्याच विषयात नोकरी करत होते. नाटक ते विद्यापीठाबाहेर, प्रत्यक्ष नाटक करत शिकले होते. मराठी मुलखातल्या नाट्यविभागांची घडण अशा माणसांनी झालेली आहे. आळेकर कुठे आणि काका कुठे, असं कुणी म्हणेल. मी दोघांना एका पायरीवर बसवत नाही. प्रत्यक्ष कामातून आलेलं ज्ञान ओळखायची विभागांची सवय जुनी आहे, एवढंच मला म्हणायचंय.

तुझ्या पत्राने मला माझी एक गोष्ट आठवली. मी ज्या विभागात शिकवायचे त्याचं नाव सांगत नाही. तिथे कपडेपट सांभाळायला एक बाई होत्या, रोजंदारीवर. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'सफाई' होतं. कपडेपटात 13 ट्रंका, आणि कुठल्या ट्रंकेत काय ते फक्त त्यांना ठाऊक. नऊवारी नेसवण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. शेतात वाकणाऱ्या बाईचा काष्टा वेगळा, वाड्यातल्या सुनेचा वेगळा, नाचणारीचा आणखी वेगळा. जिला रंगमंचावर पायऱ्या चढायच्या असतील तिच्या निऱ्या त्या दोन बोटं वर घ्यायच्या. मुलींना नेसवताना त्या बोलत राहायच्या, "बस, ऊठ, आता पळ बघू," आणि पळताना पदर सुटला की पुन्हा पहिल्यापासून. अभिनयाच्या माझ्या तासाला देहबोली म्हणून मी जे शिकवायचे, त्यातलं अर्धं त्या ट्रंकांच्या खोलीत आधीच शिकवून झालेलं असायचं.

एका मे महिन्यात त्यांची रोजंदारी बंद झाली. कागदावर त्या सफाईला होत्या आणि सफाईचं कंत्राट बाहेर दिलं गेलं. मी एक अर्ज लिहिला आणि तो पुढे कुठे गेला याचा पाठपुरावा केला नाही. जुलैत आम्ही ट्रंका उघडल्या तेव्हा दोन शालूंना कसर लागली होती. त्यांनी दर पावसाळ्याआधी काय घालून ठेवलेलं असायचं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नऊवारीचे ते प्रकार कुणी लिहून घेतले नव्हते, फोटो नव्हते. मी त्यांच्या घरी गेले ते वर्षभराने, आणि तोवर त्या मुलाकडे दुसऱ्या गावी निघून गेल्या होत्या. ही खंत मला अजून आहे. काका अजून तुमच्या आवारात आहेत, रोज सव्वासहापर्यंत.

म्हणून आधी काकांकडे जा. विभागात नको, सरांच्या केबिनच्या आसपास तर नकोच. शक्य असेल तर त्यांच्या घरी, नाहीतर सुटल्यावर गेटापाशी, पण थांबून, बसून. फलक तू केलास ते तू सांग. "सरांनी सांगितलं म्हणून" हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येऊ देऊ नकोस, ते खरं असलं तरी. "काका, ते अक्षर माझ्या हातचं आहे आणि ते लिहिताना मी तुम्हाला विचारलंही नाही," एवढं पुरेसं आहे. त्या मुलाच्या बोलण्याबद्दलही बोल. आणि या भेटीत प्रयोगाचं नाव काढू नकोस. 3 आठवड्यांवर प्रयोग आला म्हणून तू आलीस असं त्यांना वाटलं, तर पुढचं सगळं वाया जाईल, आणि त्यांचं तसं वाटणं रास्त असेल. त्यांनी काही बोलायचं टाळलं तरी बसून राहा. चहा त्यांनी विचारला तर घे.

त्या मुलाशी मात्र लगेच बोल, एकट्याशी. तो वाईट नसावा. फलकावर आपण जे लिहिलं ते त्याने मोठ्याने वाचलं. त्याला माफीनामा लिहायला लावू नकोस. काकांनी त्याला आजवर काय काय शिकवलं ते तोंडी सांगायला लाव, एकेक करून. मला खात्री आहे, पाचव्या गोष्टीपर्यंत त्याचा आवाज बदलेल. मग काकांकडे कधी आणि कसं जायचं ते त्याचं त्याला ठरवू दे.

सरांशी भांडू नकोस. कंत्राटाचा विचार करणं हा भित्रेपणा नाही, तुझी नोकरी टिकली तर काकांसाठी बोलणारं विभागात कुणीतरी राहील. विद्यापीठात तोंडी बोललेलं हवेत विरतं आणि लिहिलेली टिपणी फाइलमध्ये राहते. तेव्हा एक टिपणी तयार कर, सरांच्या सहीने कुलसचिवांकडे जाईल अशी. वाक्यं साधी ठेव: "विभागातील तांत्रिक सहायकाचे पद रिक्त असल्याने प्रकाशयोजनेच्या प्रात्यक्षिकांची जबाबदारी श्री. अमुक हे गेली 22 वर्षे नेमून दिलेल्या कामाव्यतिरिक्त पार पाडत आहेत. प्रयोगाच्या कालावधीत त्यांना सायंकाळच्या कामाचा लेखी आदेश देऊन बदली सुट्टी मिळावी. प्रयोगाच्या मंजूर खर्चातून त्यांना मानधन देण्यास परवानगी मिळावी. त्यांच्या कामाबद्दलच्या प्रशंसापत्राची नोंद सेवापुस्तकात व्हावी." यात कुणाला दोष नाही, पदनाम बदलायची मागणी नाही, आणि नॅकच्या तक्त्याला धक्का लागत नाही. उलट रिक्त पदाची फाइल पुन्हा हलते, आणि ते सरांनाही हवंच असणार. मानधनाला वित्त विभाग हरकत घेईल, नोकरीत असलेल्या माणसाला द्यायचं म्हणजे परवानगी लागतेच. तरी मागावं. नकार आला तर तोही लेखी येऊ दे.

टिपणी घेऊन सरांकडे बसशील तेव्हाच फलकाचा विषय काढ. अध्यापकांची यादी आहे तशी राहू दे. त्याच्या शेजारी, खाली नव्हे, 'रंगमंच आणि प्रयोग' असा दुसरा रकाना कर आणि त्यात प्रकाश, नेपथ्य, कपडेपट, ग्रंथालय, कार्यालय सांभाळणाऱ्या सगळ्यांची नावं त्यांच्या कामासह लिही. सफाई करणाऱ्या मावशींचंही लिही. तालमीची जमीन कोरडी आणि खिळ्यांशिवाय असते ती त्यांच्यामुळे, आणि तुमची मुलं तिच्यावर अनवाणी लोळतात. तासिका तत्त्वावरच्या तुमच्या सहकाऱ्यांची नावं फलकावर आहेत ना, तेही बघ. आपल्याकडच्या विभागांत बरेचसे तास ज्यांच्या जिवावर होतात त्यांनाच यादीत जागा नसते, असं मी अनेकदा पाहिलंय. मात्र काकांचं नाव लिहिण्याआधी, काय लिहायचं ते त्यांना विचार. कदाचित ते म्हणतील, नकोच माझं नाव. मग नको.

आता प्रयोग. काका आले नाहीत तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण मला याचीच जास्त काळजी वाटते. मुलं उत्साहाने शिडीवर चढतील. 1000 वॉटचा एक दिवा 230 व्होल्टवर 4 अँपियरहून जास्त वीज खेचतो. उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरच्या 2 किलोवॉटच्या एका चॅनलवर असे दोनच दिवे चालतात, आणि मुलं "एवढाच एक" म्हणून तिसरा जोडतात. कुठला चॅनल गरम होतो, कुठल्या सॉकेटचं अर्थिंग ढिलं आहे, हे तुमच्या नाट्यगृहात बहुधा काकांनाच ठाऊक असेल. तेव्हा त्यांच्याशिवाय प्रयोग करावा लागलाच तर विद्यापीठाच्या विद्युत विभागाचा माणूस लेखी मागवून घे, वर चढणाऱ्याची शिडी धरायला खाली एक जण कायम ठेव, आणि प्रकाशयोजना साधी कर. चाळीस क्यू, म्हणजे प्रकाश बदलायच्या जागा, आठांवर आण. सगळं नाटक उजेडात झालं तरी चालेल. मुलांना वाईट वाटेल, वाटू दे. काकांच्या नसण्याची किंमत झाकण्यासाठी बाहेरून भाड्याने प्रकाशयोजनाकार मात्र आणू नकोस. त्याने प्रयोग सुंदर होईल आणि काकांना कळेल की आपल्यावाचून काही अडत नाही.

ते आले तर, आणि मला वाटतं टिपणीवर सही झाल्यावर ते येतील, तर या खेपेला त्यांच्याजवळ एक विद्यार्थी वही घेऊन बसव. जुने प्रकाशवाले नटाला डोळे मिटायला लावतात आणि म्हणतात, गालावर ऊब कुठे लागते ते सांग. ऊब नाकाच्या शेंड्यापर्यंत आली की नट दिव्याच्या मधोमध उभा आहे. मग त्याच जागी डोळे मिटून तीनदा चालत यायला लावतात. डोळ्यांत दिवा जाऊन नट आंधळा होतो तेव्हा हीच ऊब त्याला जागा दाखवते. एलईडी दिव्यांच्या प्रकाशात ती ऊब जवळपास नसते. विभागांत जुने हॅलोजन जाऊन एलईडी येतायत, येणारच, वीज वाचते आणि रंग बोटावर बदलतात. पण दिवा अंगाला कळणं म्हणजे काय, हे शिकलेली शेवटची मुलं तुमच्या विभागात आत्ता असतील. काकांचीही अशी काही युक्ती असेल, तुला माहीत असेल, मला नाही. ती लिहून घ्या. दिव्याचा कोन, दिव्यापुढे लावायच्या रंगीत जेल-कागदाचा क्रमांक, आणि काका ते करताना काय बोलतात तेही, त्यांच्याच शब्दांत. परीक्षेच्या प्रात्यक्षिकाची वही म्हणून ती दाखल करता येईल आणि वहीच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव येईल. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

त्यांच्या निवृत्तीला किती वर्षं उरली ते तू कळवलं नाहीस. थोडी असतील तर आणखी एक कर. निवृत्तीनंतर तज्ज्ञ म्हणून तासाच्या मानधनावर त्यांना बोलावता येईल, असा ठराव विभागाच्या बैठकीत आधीच करून ठेवा. अनुदान आयोगाने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय आणली, पदवीची अट नसलेली आणि किमान 15 वर्षांचा अनुभव मागणारी. तिचा उल्लेख तुला कुणीतरी करेल. पण ती वरिष्ठ पदांवर काम केलेल्यांकडे झुकलेली आहे आणि काकांना तिथे उभं करून पुन्हा एकदा नाकारलं जाताना बघणं मला नको वाटतं. साधं मानधन, साधं पत्र, वेळेवर मिळालेलं, बरं.

पहिल्या भेटीनंतर दोन दिवस जाऊ देत. टिपणीची पोचपावती हातात आली की काकांना तिची प्रत नेऊन दे. तेव्हा क्यूशीट सोबत ठेव, कोरी, कुठलाही क्यू न भरलेली, आणि एक पेन्सिल. त्यांनी हात पुढे केला तरच द्यायची.